होकायंत्राविना ग्रीनलँड

होकायंत्र नसताना नॉर्स लोक (व्हायकिंग काळातले स्कँडिनेव्हियन) नॉर्वेहून थेट ग्रीनलँड कसे गाठत, आणि त्यांच्याकडे खरंच ‘सूर्यमणी’ होता का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं या विषयात रमलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सूर्यमणी. ढगांआडचा सूर्य दाखवणाऱ्या दगडाचा उल्लेख मध्ययुगीन आइसलँडी लिखाणात येतो. तिकडच्या पारदर्शक कॅल्साइटमधून पाहिलं तर प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून (प्रकाशलहरी एका ठरावीक दिशेतच कंप पावतात त्यावरून) सूर्याची दिशा काढता येते, हेही खरं. पण व्हायकिंगांच्या एकाही जहाजात असा स्फटिक सापडलेला नाही. इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाजवळ मिळाला तो १५९२च्या इंग्रजी जहाजात. ग्रीनलँडमध्ये १९४८ साली मिळालेली अर्धी लाकडी चकती सूर्याची सावली पाहायचं साधन होती असं काही जण म्हणतात, काहींना ते अजिबात पटत नाही. मला खंत वाटते ती वेगळीच. या दगडाच्या गोष्टीत त्या लोकांचं खरं कसब झाकलं जातं.

ते कसब हाउक एर्लेंड्सनने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उतरवून घेतलेल्या ‘लांदनामाबोक’ या आइसलँडमधल्या वसाहतीची हकिगत सांगणाऱ्या ग्रंथात मोजक्या ओळींत आहे. नॉर्वेतल्या हेर्नारहून निघा आणि सरळ पश्चिम धरा. शेटलंड उत्तरेकडून इतक्या लांबून टाळा, की हवा अगदी स्वच्छ असेल तरच ते दिसावं. फेरो बेटं दक्षिणेकडून अशी टाळा, की त्यांचे डोंगर अर्धे समुद्रात बुडालेले दिसावेत. आणि आइसलँडच्या दक्षिणेने असे जा, की तिथले पक्षी आणि देवमासे भेटत राहावेत.

डोंगराची ओळ परत वाचा. पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरच्या डोंगराचा पायथा पाण्याखाली जातो. सहाशे मीटरचा डोंगर अर्धा बुडालेला दिसला, तर तुम्ही त्याच्यापासून साधारण ६०-७० किलोमीटरवर आहात. कुठलंही उपकरण न वापरता अंतर मोजून झालं! आइसलँडपासून मात्र ही वाट इतकी लांबून जाते, की तिथले डोंगर दिसत नाहीत, म्हणून तिथे खूण बदलते. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात खाद्य मुबलक, म्हणून देवमासे आणि पक्षी तिथे जमतात. ते दिसले म्हणजे जमीन उजव्या हाताला आहे.

हेर्नार आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक दोन्ही ६० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे दुपारचा सूर्य रोज साधारण तेवढ्याच उंचीवर ठेवला की वाट फारशी चुकत नसे. ध्रुवताऱ्यावर मात्र फार विसंबता येत नसे, कारण हे प्रवास उन्हाळ्यात होत आणि जून-जुलैत तिथे पुरता अंधारच पडत नाही.

जहाजांबद्दल थोडक्यात. मालासाठी ‘क्नार’ वापरत. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली वर काढलेलं असं एक क्नार सुमारे १६ मीटर लांब आहे. सहा ते आठ माणसं ते चालवू शकत, आणि त्यात वीसेक टन माल मावे. फळ्या एकीवर एक चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या, त्यामुळे सांगाडा लाटेबरोबर लवतो. मात्र एकाच चौकोनी शिडावर समोरच्या वाऱ्याशी फार भांडता येत नाही. धुकं दाटलं की तर सगळ्याच खुणा जात. या भरकटण्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दच होता: ‘हाफविला’. त्याची किंमतही मोठी होती. ग्रीनलँडमध्ये नॉर्स वस्ती वसवणाऱ्या एरिक द रेडबरोबर आइसलँडहून ग्रीनलँडला २५ जहाजं निघाली, पोचली १४. उरलेल्यांतली काही माघारी फिरली, काही बुडाली.

भरकटल्यावर कसबी माणूस काय करतो, हे ब्यार्नी हेर्योल्फ्सनच्या हकिगतीत दिसतं. सागांनुसार (जुन्या आइसलँडी गद्यकथांनुसार) साधारण ९८६ साली तो ग्रीनलँडला वडिलांकडे निघाला, आणि उत्तरेचा वारा व धुकं यांत कित्येक दिवस भरकटला. धुकं विरलं तेव्हा समोर झाडी आणि छोट्या टेकड्या होत्या. हे ग्रीनलँड नव्हे, त्याने लगेच ठरवलं, कारण तिथे मोठमोठ्या हिमनद्या आहेत असं त्याने ऐकलं होतं. खलाशांना लाकूड-पाण्यासाठी उतरायचं होतं, तरी त्याने जहाज वळवलं. वाटेत आणखी दोन किनारे सोडले आणि शेवटी वडिलांच्या दारात पोचला. पुढे एरिक द रेडचा मुलगा लेफ एरिक्सन याने त्याचंच जहाज विकत घेतलं आणि त्या झाडीच्या किनाऱ्याच्या शोधात निघाला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या लान्स ओ मेडोज इथल्या नॉर्स वस्तीत सापडलेलं लाकूड १०२१ साली तोडलेलं आहे.