घासही अडकतो, पाणीही अडकतं, एन्डोस्कोपी मात्र नॉर्मल : पुढची तपासणी कोणती?

वहिनींना गिळताना घास अडकतो, एन्डोस्कोपी (दुर्बिणीने आतून केलेली तपासणी) मात्र नॉर्मल, मग पुढे काय तपासायचं, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे : वहिनींना पोळीइतकंच पाणीही अडकतं. बाकीचं त्याला जुळतंच. वय ४२, आठ महिन्यांचा त्रास, वजन ७ किलो उतरलेलं, रात्री उशीवर न पचलेलं अन्न येतं, एन्डोस्कोपी नॉर्मल, आणि अजून पित्ताच्याच गोळ्या चालू. हे अकलेशिया कार्डिया, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल न होण्याचा आजार, असण्याची दाट शक्यता आहे.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटरची स्नायूंची नळी. गिळलं की वरून खाली लाट सरकते आणि तळाची झडप सैल पडते. झडप सैल करणारे मज्जातंतू मेले की ती आवळलेलीच राहते आणि लाटही उठत नाही. मग अन्न केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं. आत गाठ किंवा व्रण नसतो, म्हणून सुरुवातीच्या काळात एन्डोस्कोपीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. दुर्बीण जरा दाबली की झडपेतून पलीकडे जाते आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं जातं.

नळी अरुंद झाली असेल किंवा कॅन्सर असेल तर क्रम वेगळा असतो : आधी भाकरी, मग मऊ भात, सरतेशेवटी पाणी. रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये घशाखाली पातळ पडदा तयार होऊन घन घास अडकतो, तेव्हा हिमोग्लोबिन आणि लोह जरूर बघा. गिळताक्षणी ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, तर दोष घशाच्या पातळीवर आहे, तिथे न्यूरॉलॉजिस्ट हवा.

पित्ताशी गल्लत का होते? साचलेलं अन्न आंबून छातीत जळजळतं. पण वर येणारं अन्न जठरात पोहोचलेलंच नसतं, त्यामुळे ते पित्तासारखं आंबट-कडू लागत नाही, कालचा भात भातासारखाच दिसतो. वहिनींना हे नेमकं विचारा.

आता डॉक्टरांकडे दोन तपासण्यांचा विषय काढा. पहिली, हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून दर वेळी ५ मिली पाणी, असे १० घोट आडवं झोपून गिळायला लावतात आणि झडपेचा दाब मोजतात. नळी घालताना मळमळतं, पण भूल लागत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं निकाल बिघडवतात, म्हणून चालू औषधांची यादी आधीच दाखवा, स्वतःहून काही बंद करू नका. दुसरी, टाइम्ड बेरियम : बेरियम (एक्स-रेवर दिसणारं पांढरं द्रव) प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी उभं राहून एक्स-रे. किती बेरियम अडकून राहिलं ते मोजतात, उपचारानंतर तुलनेलाही तेच कामी येतं.

एन्डोस्कोपी पुन्हा करायची झाली तर आदल्या रात्रीपासूनचा उपास पुरत नाही. अन्न तासन्‌तास नळीत पडून असतं आणि भुलेत फुफ्फुसात जाऊ शकतं. किमान आदला पूर्ण दिवस फक्त पातळ पदार्थ, आणि 'अन्न साचतं' हे भूलतज्ज्ञांना तोंडाने सांगायचं. हे कृपया विसरू नका. वय साठीच्या पुढे, त्रास काही महिन्यांचाच आणि वजन झपाट्याने उतरलेलं असेल, तर झडपेजवळचा कॅन्सर असाच भास निर्माण करतो. तिथे सीटी स्कॅन लागतो. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही सांगा.

मॅनोमेट्रीत अकलेशियाचे तीन प्रकार निघतात आणि उपचार त्यावर ठरतो. दुसरा प्रकार कोणत्याही उपचाराला सगळ्यात चांगली साथ देतो. एक मार्ग बलूनचा, म्हणजे झडपेत फुगा फुगवून ती ताणण्याचा : फुग्याचा व्यास ३० मिमीपासून सुरू करून गरजेनुसार ३५, ४०. शंभरात एक-दोघांची नळी फाटू शकते, म्हणून सर्जन असलेल्या रुग्णालयातच करावं. दुसरा, दुर्बिणीने पोटातून झडपेचा स्नायू कापण्याचं हेलर ऑपरेशन, सोबत आम्ल वर येऊ नये म्हणून जठराची घडी. तिसरा पोएम, जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलेला : तोंडावाटेच आत जाऊन स्नायू कापतात. काप हवा तितका लांब घेता येतो, म्हणून तिसऱ्या प्रकारात (नळी पेटका आल्यासारखी आवळते तो) माझा कौल पोएमला. मात्र त्यानंतर आम्लाचा त्रास जास्त होतो. झडपेत टोचायच्या बोटॉक्सचा (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) असर सहा महिने ते वर्षभर टिकतो. ऑपरेशन न झेपणाऱ्या वृद्धांसाठी ते ठीक, ४२ व्या वर्षी नको.

तोवर घरी : ताठ बसून लहान घास, मऊ भात, पेज, वरण, मधूनमधून कोमट पाणी. कोरडी पोळी आणि पाव टाळा. झोपण्याआधी ३-४ तास जेवण नको. उशा रचून मान वाकवण्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटरच्या विटा ठेवा. अडकलेला घास केळं खाऊन ढकलायचा प्रयत्न करू नका. गोळी उभ्याने आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट नळीत अडकली तर व्रण पाडते, त्यांना पर्याय विचारून घ्या. पाणीही उतरेनासं झालं, किंवा रात्रीच्या खोकल्यासोबत ताप आला, तर तारखेची वाट न बघता दाखवा.

उपचाराने झडप सैल होते, लाट सहसा परतत नाही. त्यामुळे ताठ बसून सावकाश जेवणं पुढेही सांभाळावं लागतं. आणि बलूननंतर छातीत तीव्र कळ, ताप किंवा मानेवर दाबलं की कुरकुरणारी सूज आली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.