मुलीला जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून 'द व्हिलेज बाय द सी' वाचायला द्यावं का?

इंग्रजी झेपेल. सहावीतली मुलगी आहे, इंग्लिश मीडियमची आहे, सुरुवातीला समुद्र, खडक, माड यांचं वर्णन जरा लांबतं तेवढं तिला ओलांडू द्या, पुढे गोष्ट स्वतःच ओढून नेते. पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय ना, "घरात इकडची काडी तिकडे करत नाही, लीलाकडे बघून तरी शिकेल", ते वाचून राहवलं नाही.

मी अलिबागकडचीच. अनिता देसाईंनी १९८२ ला लिहिलेल्या या पुस्तकातलं 'थूल' म्हणजे आपलं थळ. त्यातली लीला तेरा वर्षांची, आई अंथरुणाला खिळलेली, बाप ताडी पिऊन पडलेला, वर कर्ज. धाकट्या बहिणी बेला आणि कमल शाळेत, हिची शाळा सुटलेली. तिच्याहून वर्षाने लहान भाऊ हरी, तो खताच्या कारखान्याविरुद्धच्या मोर्चाबरोबर बोटीने मुंबईला जातो आणि तिथेच राहतो (कारखाना पुढे झालाच, थळला आहे आजही). जगूच्या हॉटेलात राबतो, शेजारच्या घड्याळवाल्याकडे दुरुस्ती शिकतो, दिवाळीला पैसे घेऊन परत येतो, सगळे खूश. आणि मधल्या काळात? मुंबईकरांच्या बंगल्यावर कामाला कोण जातं, त्यांच्याकडे शब्द टाकून आईला अलिबागच्या हॉस्पिटलात कोण पोचवतं? लीलाच ना. शेवटी हरीकडे कोंबड्यांचा प्लॅन आहे, घड्याळाच्या दुकानाचं स्वप्न आहे, आणि लीलाकडे आहे तीच चूल.

माझ्या आईचं मणक्याचं दुखणं निघालं तेव्हा मी नववीत होते. बाबांना रात्रपाळी. भाऊ माझ्याहून लहान, पण "इथे राहून पोराचा अभ्यास व्हायचा नाही" म्हणून त्याला काकाकडे परळला पाठवला. माझ्या अभ्यासाचं काय होणार हे कोणी विचारलंच नाही. आईला कुशीवर वळवायचं तर अंगाखालची चादर दोन्ही हातांनी धरून हळूहळू ओढायची, नुसता खांदा धरला की ती कळवळायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वाणी उधारीच्या वहीत अर्धा किलोचं पाऊण किलो लिहायचा, म्हणून मी काउंटरच्या अलीकडे उभं राहून उलटे आकडे वाचायला शिकले, आणि एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले तेव्हापासून तो वही माझ्याकडे फिरवूनच लिहायचा. दहावीला मार्क किती पडले असतील तुम्हीच समजा.

तर भावाची वास्तुशांत होती बदलापूरला. जेवणं झाल्यावर तो सांगत बसला, मुंबईत कसे वडापाववर दिवस काढले, काकाच्या गॅलरीत कसा झोपायचो, आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मावशी म्हणाली, "पोराने फार सोसलं हो." मी म्हटलं, आणि मी? तर म्हणे, "तुझं काय गं, तू पहिल्यापासूनच समजूतदार." म्हणजे झालं! भावाने सोसलं आणि माझा स्वभावच तसा! नंतर मी त्याला मुद्दाम हे पुस्तक दिलं. वाचून फोन आला, "हरी म्हणजे अगदी मीच!" लीलाबद्दल विचारलं तर म्हणाला, "हो, ती बहीण पण चांगली दाखवलीय." पण!!

म्हणून सांगते, "बघ, लीला कशी शहाणी" असं म्हणून हे पुस्तक मुलीच्या हातात अजिबात देऊ नका. लीलाला हौस नव्हती, तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तुमच्या घरी बाप कमावता आहे, आई धडधाकट आहे, तिने कशाला लीला व्हायचं? काम करायला हवं हे खरं, पण मग तुम्हीच लिहिलेल्या त्या आठवीतल्या मुलालाही लावा. एक दिवस ताट-पाटपाणी त्याने, एक दिवस तिने. आणि पुस्तक आधी त्याला द्या. त्याचं झालं की विचारा, हरी मुंबईत असताना घरात चूल कोण पेटवत होतं? तुमच्या प्रश्नात त्याच्या जबाबदारीबद्दल एक ओळ नाही, म्हणून बोलले, राग मानू नका.

पुस्तकावर माझा राग नाही हां. देसाईबाईंनी लीलाला कुठेही रडूबाई केलेलं नाही, पहिल्याच पानांत ती समुद्रातल्या खडकावर फुलं वाहायला जाते ते वाचताना मला आमची पहाट दिसते. १९८३ चं गार्डियनचं बालसाहित्याचं बक्षीस उगाच नाही मिळालं. पक्षी बघणारे ते म्हातारे गृहस्थ येतात तो भागही मस्त. आपल्या अलिबागजवळच्या किहीमलाच पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता, हे मुलांना आधी सांगून ठेवा, मजा येते.

फक्त बापाचं पिणं जसंच्या तसं आहे, आणि पिंटो कुत्र्याचं जे होतं ते हळव्या पोरांना झेपत नाही. माझी भाची तिथे अडली ती अडलीच, पुस्तक उघडेना. शेवटी पुढचं सगळं तिने बाबाकडून मोठ्याने वाचून घेतलं, त्यामुळे लीलाचे भाग माझ्या भावाला एक ओळ न गाळता वाचावे लागले.