सीमेवर लष्कर असताना इतर दले कशासाठी?

प्रश्न : सीमेचे रक्षण हे लष्कराचे काम असताना तेथे गृह मंत्रालयाची दले कशासाठी ठेवली जातात? दुर्गम भागातील गावकऱ्यांचा त्यात खरोखर काही वाटा असतो का?

उत्तर : वर्षातील बहुतेक दिवस सीमेवर युद्ध नसते, गस्त, तस्करी आणि घुसखोरी यांचेच काम अधिक असते. ते पोलिसी स्वरूपाचे असल्याने पश्चिम सीमेवर पूर्वी राज्यांच्या पोलिसांकडे होते. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणातील सरदार पोस्टवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा ते ठाणे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी लढवले. पोलिसांची मर्यादा त्या वर्षी ध्यानात आली आणि १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दल उभे राहिले. चीनच्या बाजूचे भारत-तिबेट सीमा पोलीस दल त्याआधीचे, ऑक्टोबर १९६२ च्या ऐन युद्धातले. म्यानमार सीमेवरील आसाम रायफल्सचा प्रकार आणखी निराळा : तिचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे, कारवाईचे हुकूम मात्र लष्कराचे. दोन धन्यांची ही चाकरी फारशी सोयीची नसावी, असे मला वाटते.

गावकऱ्यांविषयीची तुमची शंका मात्र कारगिलपुरती तरी टिकत नाही. मे १९९९ च्या सुरुवातीला गारखोनचे मेंढपाळ ताशी नामग्याल आपला हरवलेला याक शोधत बटालिकच्या डोंगरात फिरत होते. दुर्बिणीतून पाहताना त्यांना पठाणी वेशातील अनोळखी माणसे दिसली आणि त्यांनी ही खबर जवळच्या लष्करी ठाण्यावर पोहोचवली. त्या उतारांवर एरवी कोण वावरते, हे ठाऊक असलेल्या माणसालाच अनोळखी माणूस चटकन खटकतो.

याखेरीज लडाखमध्ये सीमा रस्ते संघटनेसाठी खडी फोडणारे, दरडी उपसणारे झारखंडचे मजूर आहेत. त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. चीनलगतची गावे ओस पडू नयेत म्हणून केंद्राने २०२३ मध्ये ४,८०० कोटी रुपयांची ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना मंजूर केली, त्यातील २,५०० कोटी रस्त्यांसाठी आहेत. रस्ता हवाच, पण गावात शिक्षक आणि डॉक्टर टिकला नाही, तर तरुण कुटुंबे त्याच रस्त्याने खाली उतरतील आणि वरच्या कुरणांकडे गुरे घेऊन जाणारे कोणी उरणार नाही.