पंजा गेला, राजीनामाही दिला. आता पेन्शनचे पैसे काढू का?

प्रश्न : भोसरीच्या कारखान्यात 7 वर्षे प्रेस ऑपरेटर होतो. ऑगस्ट 2024 मध्ये उजव्या हाताचा पंजा गेला. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) वैद्यकीय मंडळाने 60 टक्के अपंगत्व धरले. नंतर एचआरने राजीनाम्यावर सही घेतली. वय 31. पीएफ एजंट फॉर्म 19 आणि 10सी भरायला सांगतो. भरू का?

उत्तर : 19 खुशाल भरा, ते पीएफचे पैसे तुमचेच आहेत. 10सी म्हणजे पेन्शनचे पैसे एकरकमी काढायचा अर्ज; त्याला मात्र हात लावू नका. बाकी सगळे त्या एका फॉर्मवर अडले आहे.

नोकरीची 10 वर्षे भरली नाहीत म्हणजे पेन्शन नाही, हे धडधाकट माणसापुरते ठीक. पण ईपीएस-95 चा (कर्मचारी पेन्शन योजना, 1995) परिच्छेद 15 म्हणतो की नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी तहहयात पेन्शन मिळते. त्यासाठी अर्ज 10डीचा, म्हणजे मासिक पेन्शनचा. 10सी भरून एकरकमी पैसे उचललेत की त्या सेवेचा हिशेब मिटला. मग माझ्याकडे येऊन फारसा उपयोग नाही.

पेन्शनसाठी धरायचा पगार 15,000 असेल तर योजनेच्या सूत्राप्रमाणे 15,000 गुणिले 7 वर्षे भागिले 70, म्हणजे महिना साधारण 1,500. पगाराविना गेलेल्या दिवसांमुळे थोडे कमी होईल. 10सीवर हातात येतील लाखाच्या आसपास. 1,500 मध्ये घर चालत नाही, कबूल. पण वयाच्या 31व्या वर्षापासून जन्मभर, आणि तुमच्या पश्चात पत्नीला.

आता राजीनामा. फोटो पाहिला. 'वैयक्तिक कारणास्तव' असे टाइप केलेले आणि खाली डाव्या हाताची वाकडीतिकडी सही. न वाचता सह्या करून मग वकिलाला विचारणारी पत्रे इतकी येतात की आता रागही येत नाही. तरी ती सहीच तुमच्या कामाची आहे : राजीनाम्याच्या आधी हात गेला होता, हे ती सांगते. डिस्चार्ज कार्डाची तारीख सोबत जोडा.

खरा वाद 'पूर्ण' या शब्दावर होईल. 60 टक्के म्हणजे पूर्ण नाही, असे पीएफ कार्यालय म्हणणार. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 100 टक्के अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. निकाल नुकसानभरपाई कायद्याखालचा आहे, पण तिथली व्याख्या आणि पेन्शन योजनेतली व्याख्या जवळपास सारखीच. शिवाय परिच्छेद 15 प्रमाणे वैद्यकीय मंडळाने तुम्ही करत होता त्याच कामासाठी तुम्ही अपात्र आहात का, हे पाहायचे असते. मंडळ मानेलच, अशी हमी मी देत नाही. नाही मानले तर कोर्ट, आणि तिथे तारखांवर तारखा पडत वर्षे कशी जातात ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून काम कागदावरच पक्के करा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडण्याचे कारण काय नोंदले आहे ते बघा. 'अल्प सेवा' असेल तर ते 'कायमचे अपंगत्व' असे दुरुस्त करून द्या, म्हणून कंपनीला रजिस्टर पोस्टाने लिहा आणि पोचपावती जपा. कंपनी वॉचमनची नोकरी देऊ म्हणाली, तर लेखी होकार देण्याआधी तो कागद मला पाठवा; तुम्ही काम करू शकता, असा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो. आणि एजंटकडे दिलेला पासवर्ड आजच बदला, यापुढे ओटीपीही देऊ नका.