‘चालू होतो, बाकी तपासलेला नाही’ असा स्कोप घ्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात ‘स्कोप’) स्वस्तात मिळतोय, पण विकणारा म्हणतो ‘चालू होतो, बाकी तपासलेला नाही’, तर घ्यावा का? आणि घेतलाच तर आधी सगळे कपॅसिटर बदलून टाकावेत का? पहिल्याला माझं उत्तर ‘हो, पण फोटो बघून’, दुसऱ्याला सरळ ‘नाही’.

‘तपासलेला नाही’ म्हणजे ‘तपासला आणि चालला नाही’ असंच धरून चाला आणि किंमत त्या हिशेबाने ठरवा. पडद्यावर उमटलेल्या रेषेचा फोटो मागा. रेषा दिसली की सीआरटी (पडद्याची काचेची नळी) आणि तिला चालवणारा हाय व्होल्टेजचा भाग जिवंत आहे हे कळतं, आणि निम्मी काळजी मिटते. सीआरटी गेली असेल तर दुसरा तसाच स्कोप फोडण्यावाचून इलाज नाही.

४६५ नवशिक्यासाठी चांगला आहे तो १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थमुळे (किती वेगवान सिग्नल दाखवतो त्यामुळे) नाही. तो १९७२चा, आत बहुतेक सुटे ट्रान्झिस्टर, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, जागोजागचे व्होल्टेज आणि वेव्हफॉर्म दिलेले. त्याच कंपनीचा २४६५ कागदावर कितीतरी सरस, पण त्यातले खास बनवलेले आयसी गेले की दुसऱ्या मेलेल्या २४६५ मधून काढावे लागतात. बँडविड्थ बघून भुलू नका. मॅन्युअल मिळत नसेल तर फुकटातलं यंत्रही पहिल्या दुरुस्तीला घेऊ नका.

आता कपॅसिटर. सरसकट बदलायला बसलात तर एखादा उलटा बसतो, एखादा ट्रॅक उखडतो, आणि मूळ बिघाडात तुमचे दोन मिसळतात. मग कुठला कोणाचा हे शोधत बसा! आधी मोजा, मग बदला.

प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर तुमच्या लाइनला जुळतो का ते बघा. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये ठेवा (एलईडी इथे कामाचा नाही). बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा. मंदावला तर बल्ब काढा आणि मगच रेल (सप्लायमधून आतल्या भागांना जाणारे डीसी व्होल्टेज) मोजा, नाहीतर सगळेच आकडे कमी येतील. ही युक्ती ४६५ सारख्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायची. स्विचिंग सप्लाय बल्बमुळे नीट सुरूच होत नाही आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता.

+११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट हे पाच रेल मोजा, त्यांवरचा रिपलही (डीसीवर उरलेली एसीची लहर) बघा. त्यातला एखादा शून्याजवळ बसला असेल तर माझा पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर. ते वयानुसार शॉर्ट होतात आणि अख्खा रेल खाली ओढतात. पण एका रेलवर असे कितीतरी, नेमका कुठला? स्कोप बंद करून प्लग काढा, मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा. मग बेंच सप्लायवरून (टेबलावरचा कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय) त्या रेलला एखादा व्होल्ट, करंट मर्यादा घालून द्या, आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकवरून सरकत जा. करंट जिकडे वाहतोय तिकडे आकडा थोडाथोडा उतरत जातो, आणि शॉर्ट कपॅसिटरच्या पुढे उतरायचा थांबतो. तेवढा एकच काढा. नवा बसवताना व्होल्टेज रेटिंग वरचं घ्या आणि ध्रुव दोनदा तपासा.

सीआरटीला जाणाऱ्या हाय व्होल्टेजच्या झाकणाला सध्या हात लावू नका. तिथे हजारो व्होल्ट आहेत आणि यंत्र बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. अर्थिंगची पिन तोडून ‘फ्लोटिंग’ (स्कोप अर्थला न जोडता) मोजमाप करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, मग सल्ला देणारा कितीही जुना असो.

रेल बरोबर आले तरी रेषा नसेल तर बीम फाइंडचं बटण (पडद्याबाहेर गेलेला बीम पडद्यात ओढून दाखवणारं) दाबून ठेवा. ठिपका किंवा रेषा पडद्यात आली तर बीम आहे, फक्त कुठेतरी बाहेर ढकलला जातोय. पोझिशनचे नॉब फिरवून बघा. ते आणि रेंजचे स्विच वर्षानुवर्षं न फिरल्याने खराब संपर्क देतात, थोडं क्लीनर आणि पंचवीस-तीसदा पुढेमागे फिरवणं एवढ्याने बरेच ‘बिघाड’ जातात. आतल्या ट्रिमर पॉटना (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या जुळणीच्या छोट्या रेझिस्टरना) मात्र रेल बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही.

घेतलात तर पाचही रेलचे आकडे आणि बीम फाइंड दाबल्यावर काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.