कथा लिहायचीय म्हणून बीएस्सी सोडायची?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या अंकात तिची कथा आली, तेव्हापासून शिक्षण सोडून पूर्णवेळ लेखिका व्हायचं म्हणते. तिच्या वडिलांचं मोंढ्यात आडतीचं (शेतमालाच्या दलालीचं) दुकान आहे. ते म्हणतात, लिहून पोट भरत नाही. कथा सोबत पाठवतेय. काय करावं?

उत्तर : ताई, पोटाच्या बाबतीत तिचे वडील बरोबर आहेत. नुसत्या कथांवर घर चालवणारा मराठी लेखक शोधावा लागेल. दिवाळी अंकाचं मानधन बेताचं; कित्येक ठिकाणी तर अंकाची प्रत हेच मानधन. पण म्हणून तिने लिहू नये, असं होत नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत होते, भारत सासणे सरकारी नोकरीत, जयंत पवार वर्तमानपत्रात. या सगळ्यांनी नोकरी सांभाळून कथा लिहिली. तेव्हा पदवी पुरी होऊ द्या.

आता कथेबद्दल. मालाचं वजन होईस्तोवर तिच्या कथेतला शेतकरी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून बसतो, चावत नाही, नजर आडत्याच्या तोंडाकडे. ही जागा वाचून मी थांबलो. कुठल्याही लेखन शिबिरात हे शिकवत नाहीत. शेवटचा परिच्छेद मात्र भाषण आहे. शेतकऱ्याचे हाल, व्यवस्था, सगळं ती स्वतःच समजावत बसलीय. तो अख्खा काढायला सांगा. रागावेल, स्वतःचं लिहिलेलं खोडणं जिवावर येतं, आणि या कामातली खरी मेहनत तीच. पूर्वी निदान ‘साभार परत’चं पत्र यायचं, आता बरेच संपादक कळवतही नाहीत. ते मुकाट सोसून पुढची कथा लिहायला बसते का, हे वर्षभर बघा. माझ्या लेखी प्रवेश परीक्षा हीच.

लहानपणापासून वडिलांच्या दुकानात दिसणारा शेतकरी तिला नीट दिसला तो लिहिताना. यातली मिळकत म्हणाल तर ती ही, बाकीचं वरकड.

पैसे मिळतात ते बाजूच्या कामांत. मालिकांमध्ये कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात, बरेचदा तीन वेगळ्या माणसांकडे. मात्र तिथे गोष्ट वाहिनीच्या मर्जीने वळते, आणि उद्याच्या शूटिंगचे संवाद आज रात्री मागितले जातात. सगळ्यांना ते मानवत नाही. तिला ओढ असेल तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे.

दिवाळी अंकासाठी कथा पावसाळ्याच्या तोंडाशी पोचलेली बरी, गणपतीनंतर पाठवून उपयोग नसतो. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. छापायला पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला सरळ नाही म्हणा. ऑडिओवाल्यांचा किंवा मालिकावाल्यांचा करार आला, तर तो तिच्या वडिलांना वाचायला द्या. व्यवहाराचा कागद त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. हक्क किती वर्षांसाठी दिलेत ते त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कॉपीराइट कायद्याने ती 5 वर्षं धरली जाते, पण ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल तर सही करू नका.