‘कामावर गेले की भरपाई बंद होईल का?’

कामावर जखमी झालेल्यांना पुन्हा कामावर परतायला मी मदत करते. प्रेसमशीनवर उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गमावलेले एक कामगार अपघातानंतर पाच महिन्यांनी माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जखम भरलेली होती, हलके काम करण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले होते आणि कारखान्यानेही तपासणी विभागात जागा देण्याची तयारी दाखवली होती, तरीही ते कारखान्याकडे दर वेळी आणखी एका महिन्याची रजा मागत होते. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारले, “दुसरे कोणते काम करायला आवडेल?” हे माझे चुकलेच. अठरा वर्षे एकाच मशीनवर काढलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे आपले काम संपल्याचा निकालच वाटतो. उजवा हात खिशात ठेवून ते उरलेला वेळ फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणत राहिले.

खरी भीती दुसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नीने बोलून दाखवली. “मॅडम, हे कामावर गेले की सगळे म्हणणार, माणूस तर धडधाकट आहे. मग भरपाई कशाला देतील?” त्यावर ते हळूच म्हणाले, “आणि अडकलेला पत्रा काढायला हात मीच घातला होता. चूक माझीच.”

चुकीचा मुद्दा मी आधी घेतला, कारण ज्याला आपण दोषी वाटतो तो आपला हक्क मागत नाही. पूर्वी जखमी कामगाराला भरपाईसाठी मालकाचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे आणि बहुतेकांना ते परवडत नसे. जर्मनीत 1884 साली झालेल्या अपघात विमा कायद्याने ही अट काढून टाकली आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. दोष कोणाचा हे न पाहता, इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली का एवढे पाहायचे, हे या व्यवस्थेचे मूळ तत्त्व आहे. नशेत असणे किंवा जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेणे असे अपवाद कायद्यांत असतात. परंतु घाईत हातून झालेली चूक सहसा त्यांत मोडत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

आता भरपाई बंद होण्याचा प्रश्न. बरे होईपर्यंत बुडालेल्या पगारापोटी मिळणारी रक्कम तात्पुरती असते आणि माणूस कामावर परतला की ती थांबते किंवा कमी होते. हे मी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितले. कायमच्या अपंगत्वाची भरपाई मात्र वेगळी असते. गेलेली दोन बोटे कामावर गेल्याने परत येत नाहीत, आणि जेथे अवयवाच्या हानीचे प्रमाण ठरवून भरपाई दिली जाते तेथे हलके काम स्वीकारल्याने ती हानी पुसली जात नाही. काही ठिकाणी मात्र प्रत्यक्ष घटलेल्या पगारावर हिशेब होतो. म्हणून होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात असे मी सुचवले: नव्या कामाचा पगार जुन्यापेक्षा कमी असल्यास फरक कोण भरणार, काम झेपले नाही तर तात्पुरती रक्कम पुन्हा सुरू होणार का, आणि कायमच्या हानीचे मूल्यमापन केव्हा होणार. हे पत्र त्यांच्या पत्नीने माझ्यासमोर बसून लिहिले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1964 सालच्या करारात पुनर्वसनाचा क्रम स्पष्ट आहे: शक्य असेल तर पूर्वीचेच काम, नाहीतर त्या व्यक्तीच्या कल आणि क्षमतेला साजेसे दुसरे काम. ‘क्षमतेला साजेसे’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. जखमी माणसाला फाटकावर स्टुलावर बसवून ठेवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

त्यांच्यासोबत मी कारखान्यात गेले. तपासणीच्या टेबलावर किती वजन उचलावे लागते, चिमटीची पकड किती वेळा लागते, सलग किती वेळ बसावे लागते, याची नोंद आम्ही सुपरवायझरबरोबर केली. तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने एक तयार भाग उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बर येतोय. डायला धार लावायला झालीये.” बर म्हणजे कापलेल्या कडेवर राहणारी धातूची खरखर आणि डाय म्हणजे पत्रा कापणारा साचा. सुपरवायझरने तो भाग हातात घेऊन निरखून पाहिला आणि मशीन थांबवायला सांगितले. पहिल्या भेटीत मी जे विचारले होते, त्याचे उत्तर त्यांच्या अंगठ्यात होते.

सुरुवातीचे दोन आठवडे रोज चार तास, नंतर सहा, मग पूर्ण पाळी, असे ठरले. घरी रोज बोटांच्या खुंटांवर आधी कापूस, मग खरखरीत टॉवेल घासण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दिला होता, कारण तिथली त्वचा स्पर्शाला नको इतकी हळवी होते. तो टाळणे त्यांनी बंद केले. थंडीत खुंट अजूनही ठणकतात, त्यासाठी हातमोजा मागून घेतला.

जे जमत नाही तेही रोज वहीत लिहा, असे मी सांगितले होते. मूल्यमापनाच्या वेळी अनेक जण भीतीपोटी दुखणे वाढवून सांगतात किंवा मानापोटी लपवतात, आणि दोन्हींत त्यांचेच नुकसान होते. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी वही उघडून वाचले: “चाळीस मिनिटांनंतर पकड सैल होते. व्हर्निअर (मोजमापाचे उपकरण) डाव्या हाताने धरतो. बारीक स्क्रू उचलता येत नाहीत.” डॉक्टरांनी ती पाने मागून घेतली आणि अहवालाला जोडली.